नवाचा पाढा

सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तरेस चोपडा हे तालुक्याचे गाव आहे. काळी जमीन, कापूस आणि केळी यांचा हा मुलूख. तेथील एका शाळेत त्या दिवशी पाढे चालले होते.

एक मुलगा नवाचा पाढा म्हणत होता. 'नऊ सक चोपन्न' येथपर्यंत तो बिनचूक आला. पण 'नऊ साती' म्हणून थांबला. काही केल्या उत्तर आठवेना. वर्गात हशा पिकला आणि त्याची मान खाली गेली.

गुरुजींनी हसणाऱ्यांस गप्प केले. ते त्या मुलास म्हणाले, "विसरणे हा अपराध नव्हे, पण विसरलेले शोधून काढता आले पाहिजे. आठवतो तेवढा पाढा फळ्यावर एकाखाली एक लिही बरे."

मुलाने ९, १८, २७, ३६, ४५, ५४ हे आकडे लिहिले.

"आता प्रथम दशकाचे अंक वाच, मग एककाचे."

मुलगा वाचू लागला. वाचता वाचता त्याचा चेहरा उजळला. "गुरुजी, दशक एकाने चढतो आणि एकक एकाने उतरतो. म्हणजे पुढे त्रेसष्ट!"

"शाबास! पण असे का होते?"

वर्ग विचारात पडला. शेवटी मागच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, "नऊ मिळवणे म्हणजे दहा मिळवून एक काढून घेणे. म्हणून दशक वाढतो, एकक घटतो आणि दोन्ही अंकांची बेरीज नऊच राहते."

"मग बेरीज नऊ आली की उत्तर बरोबर!" दुसरा एक मुलगा उत्साहाने म्हणाला.

गुरुजींनी काही न बोलता फळ्यावर लिहिले : ९ × ८ = २७. दोन आणि सात नऊ. तरीही उत्तर चूक! बेरीज नऊ आली नाही, तर या पाढ्यातील उत्तर खास चुकले. पण ती आली म्हणून उत्तर बरोबरच असते असे नव्हे, हे मुलांस उमगले. नऊ आठीत दशकाचा अंक आठाहून एक कमी, म्हणजे सात हवा. उत्तर बहात्तर.

गुरुजी पुढे म्हणाले, "संख्येची अशी सोयीने फोड करण्याची रीत फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'त १३५ ला १२ ने गुणण्याचे उदाहरण आहे. बारा म्हणजे दहा आणि दोन. म्हणून १३५० आणि २७० मिळून १६२०. बारा म्हणजे विसातून आठ वजा. म्हणून २७०० मधून १०८० काढले, तरी १६२०च! रीती अनेक, उत्तर एक."

भास्कराचार्यांच्या विद्येची एक खूण याच जळगाव जिल्ह्यात, दक्षिणेकडे चाळीसगावजवळ पाटण येथे आढळते. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेथे मठ स्थापल्याची नोंद इ. स. १२०७ च्या शिलालेखात आहे. त्या लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी त्याच मुलास विचारले, "बारा साती?"

तो क्षणभर थांबला. "दहा साती सत्तर, दोन साती चौदा. चौऱ्याऐंशी!"

या वेळी वर्गात कोणीही हसले नाही. पाढे पाठ असावेत हे खरेच. पण पाठांतराने दगा दिला, तर समजुतीने हात द्यावा.

स्वाध्याय

१. नवाच्या पाढ्यात एककाचा अंक एकाने का घटतो?
२. विसाच्या पाढ्यावरून एकोणिसाचा पाढा तयार करा. त्यातील एककाचे अंक कसे बदलतात, ते सांगा.
३. १३५ ला १२ ने गुणण्याची आणखी एक रीत शोधा.