बर्फाची बादली आणि खरी मदत

प्रश्न : आजाराच्या जनजागृतीसाठी डोक्यावर बर्फाचं पाणी ओतण्याचं आव्हान मित्रांनी दिलं आहे. अशा व्हिडिओंचा रुग्णांना खरंच उपयोग होतो का?

उत्तर : होतो, पण पाण्यासोबत पैसेही ओतले गेले तरच.

२०१४च्या उन्हाळ्यात अमेरिकेत गाजलेलं 'आइस बकेट चॅलेंज' एएलएस या आजारासाठी होतं. या आजारात स्नायूंना हालचालीचे आदेश देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. बहुतेकदा आधी हातापायांतलं बळ जातं, पुढे बोलणं, गिळणं आणि श्वास घेणंही अवघड होतं. पीट फ्रेट्स आणि पॅट क्विन या दोन तरुण रुग्णांनी हे आव्हान घराघरांत पोहोचवलं. नियम सोपा होता : चोवीस तासांत बादली ओता किंवा देणगी द्या, आणि आणखी तिघांना आव्हान द्या. अनेकांनी दोन्ही केलं.

काही आठवड्यांत 'एएलएस असोसिएशन'कडे सुमारे ११.५ कोटी डॉलर जमले. त्यातला मोठा वाटा संशोधनाला गेला. २०१६मध्ये एनईके१ या जनुकाचा आजाराशी असलेला संबंध उघड झाला, त्या संशोधनाला याच निधीचं पाठबळ होतं.

२०१४मध्येच हैदराबादच्या पत्रकार मंजुलता कलानिधी यांनी 'राइस बकेट चॅलेंज' सुरू केलं : पाणी न सांडता बादलीभर तांदूळ गरजूला द्यायचा.

हृदयविकार असलेल्यांनी आणि लहान मुलांनी बर्फाचं पाणी टाळावं. व्हिडिओत आजाराचं नाव, एखादं लक्षण आणि नोंदणीकृत संस्थेचं नाव जरूर सांगावं. देणगी थेट संस्थेच्या खात्यात भरावी आणि पावती मागून घ्यावी.