चाकं मोकळी करण्याआधी

बंद पडलेले ट्रक ओढून आणणं हाच माझा धंदा. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढात गाडी बंद पडली की मागे रांग लागते, हॉर्न सुरू होतात आणि ड्रायव्हरला एकच सुचतं, कशीही करून गाडी हलवा. त्या घाईत काय होतं ते मी समोर उभं राहून पाहिलंय.

सळ्या भरलेला दहा चाकी ट्रक होता. हवेचा पाइप फुटून टाकी रिकामी झाली आणि मागची चाकं जाम. मी पोचलो तेव्हा दुसऱ्या एका ट्रकवाल्याने मदत म्हणून वायररोप लावला होता, तोही बंपरला. चाकामागे दगड एकच, नारळाएवढा. क्लीनर पान्हा घेऊन गाडीखाली शिरलेला. मी ओरडत धावलो, तोवर त्याने शेवटचा ब्रेक सोडवला होता. पोरगा बाहेर सरकला आणि ट्रक मागे सुटला. दगड उडाला, रोपला झटका बसला, बंपर उखडून आला. इंजिन बंद, त्यामुळे स्टेअरिंग दगडासारखं जड. ड्रायव्हरने सगळं अंग टाकून ते फिरवलं म्हणून गाडी डोंगराच्या अंगाला टेकली. त्या पोराला बाहेर यायला जरा उशीर झाला असता तर?

हवा गेल्यावर चाकं जाम होतात, हा बिघाड नव्हे. मागच्या ब्रेक चेंबरमध्ये एक जबरदस्त स्प्रिंग असते. हवा तिला दाबून ठेवते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक लावते. चढावर भरलेली गाडी धरून ठेवणारी तेवढीच एक गोष्ट असते. म्हणून आधी दोन्ही बाजूंच्या चाकांना मोठे लाकडी ठोकळे लावा. मग लोखंडी टो-बार चासीच्या हुकला जोडून पिना लॉक करा. घाटात रोप किंवा साखळी नकोच, उतारावर मागची गाडी पुढच्यावर चढते. जोडणी पक्की झाल्यावरच ब्रेकला हात लावा.

टाकी हवा धरत असेल तर ओढणाऱ्या गाडीतून पाइपने हवा द्या. स्प्रिंगही दबते, ब्रेकही चालतात. बोल्ट आवळून स्प्रिंग मागे घेतली तर चाकं फिरतात, पण त्या चाकांचा हँडब्रेक गेला आणि हवा नसेल तर पायाचा ब्रेकही नाही. चेंबरची गोल पट्टी मात्र रस्त्यावर कुणीही खोलू नये. आतली स्प्रिंग सुटली तर माणूस जातो.

मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढायचं असेल तर जॉइंट, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, खोलून बाजूला बांधा. गिअर न्यूट्रल असला तरी चाकं गिअरबॉक्सची मागची बाजू फिरवत राहतात. इंजिन बंद असल्याने वरच्या गिअरना तेल पोचत नाही आणि बेअरिंग जळतात. मालक या अर्ध्या तासासाठी कुरकुर करतात. करू द्या.

दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग ताशी वीसच्या आसपास, मागे दिवे आणि ठळक पाटी. दोनेक किलोमीटरवर सपाट जागा बघून थांबा, ठोकळे लावा, पिना तपासा आणि प्रत्येक हबजवळ हाताची उलटी बाजू न्या. एखादा हब तापला असेल तर तिथला ब्रेक अजून धरतोय. तो सुटल्याशिवाय पुढे निघू नका.