न सांगितलेले दुखणे : स्वमग्नता आणि शरीराच्या आतील संवेदना



रुग्णालयाचा सारा कारभार 'काय होतंय?' या एका प्रश्नापासून सुरू होतो. रुग्ण उत्तर देतो, डॉक्टर ते केसपेपरवर उतरवून घेतात आणि तपासण्या, औषधे, खाट, अगदी देयकसुद्धा त्या उत्तराच्या मागोमाग येते. परंतु आपल्याला काय होत आहे हे ज्याला स्वतःलाच उमगत नाही, किंवा उमगूनही सांगता येत नाही, त्याचे काय करायचे? स्वमग्न, म्हणजेच ऑटिझम असलेल्या, मुलांच्या आणि प्रौढांच्या बाबतीत हा प्रश्न वारंवार उभा राहतो. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्यकाचा नाही. डॉक्टर व परिचारिका यांच्याशी झालेली चर्चा आणि स्वतःचे वाचन यांतून जे समजले, ते येथे मांडले आहे.

शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रिये शिकलो. भूक, तहान, लघवीची भावना, छातीतील धडधड, ताप चढतानाची कसकस यांची खबर मात्र त्या पाचांपैकी कोणीच देत नाही. ती शरीराच्या आतून येते. अशा संवेदनांसाठी ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली स्वतंत्र संज्ञा वापरली आणि पुढे 'इंटरोसेप्शन' हा शब्द रूढ झाला. आपण त्यास अंतर्गत संवेदना म्हणू. व्हेगस मज्जातंतू आणि मज्जारज्जू यांच्या मार्गाने ही खबर मेंदूत पोहोचते. मेंदूच्या घडीत दडलेला 'इन्सुला' हा भाग तिचा अर्थ लावण्यात महत्त्वाचे काम करतो, अशी मांडणी ए. डी. क्रेग या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञाने २००२ साली केली व ती बरीच मान्य झाली.

अनेक स्वमग्न व्यक्तींमध्ये ही खबर अंधूक पोहोचते, उशिरा पोहोचते किंवा नेमकी कशाची आहे ते कळत नाही. माझ्या परिचयाच्या भाषेत सांगायचे तर रोजकीर्दीत नोंद झालेली असते, परंतु खतावणी होत नाही. व्यवहार घडलेला असतो, पण तो कोणत्या खात्याचा हे ठरत नाही. त्यामुळे दुपारभर पाणी न प्यायलेला मुलगा तहान लागली असे न म्हणता चिडतो, एखादी मुलगी भर मे महिन्यात स्वेटर उतरवत नाही, आणि लघवीची भावना अगदी शेवटच्या क्षणी कळल्याने मोठ्या वयातही कपडे ओले होतात. याला हट्ट किंवा आळस म्हणणे अन्यायाचे आहे. सर्वांचे असेच असते असेही नाही. काहींना उलट आतील प्रत्येक हालचाल असह्य तीव्रतेने जाणवते, आणि एकाच व्यक्तीला भूक कळत नसताना पोटातील गुरगुर मात्र छळते. ('स्वमग्न' हा शब्द येथे जरा विचित्र वाटतो. स्वतःत मग्न म्हणावे, तर स्वतःच्याच शरीराची बातमी त्यांना अपुरी मिळत असते.)

या विषयावरील संशोधन अजून एकमताला आलेले नाही. नाडीला हात न लावता हृदयाचे ठोके मोजावयास सांगणे ही जर्मन मानसशास्त्रज्ञ रायनर शांड्री यांनी १९८१ साली मांडलेली चाचणी सर्वाधिक वापरली जाते. मात्र आपले ठोके साधारण किती पडतात हे ठाऊक असलेला मनुष्य अंदाजानेही बरोबर उत्तर देऊ शकतो, हा तिच्यावरील आक्षेप रास्त आहे. सारा गारफिंकेल व सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासात स्वमग्न प्रौढांची ठोके ओळखण्याची अचूकता कमी भरली, तर आपल्याला शरीर फार जाणवते असे त्यांचे स्वतःचे मत आढळले. आणि या दोहोंतील तफावतीचा संबंध चिंतेशी दिसला. त्याच वर्षी दुसऱ्या एका ब्रिटिश गटाने असे मांडले की, ही उणीव स्वमग्नतेपेक्षा 'अलेक्सिथिमिया'शी, म्हणजे स्वतःच्या भावना ओळखून त्यांना नाव देता न येण्याशी, अधिक निगडित आहे. २०१९ साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात हा गुण स्वमग्न व्यक्तींपैकी सुमारे निम्म्यांत, तर इतरांपैकी सुमारे ५ टक्क्यांत आढळला.

आमच्या दृष्टीने सर्वांत गंभीर बाब वेदनेची आहे. 'या मुलांना दुखत नाही' असा समज पालकांत, शिक्षकांत आणि कधीकधी वैद्यकीय व्यवसायातही आढळतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन निदान-नियमावलीत स्वमग्नतेच्या लक्षणांत वेदना व तापमान यांविषयी वरवर दिसणाऱ्या उदासीनतेचा उल्लेख आहे. त्यातील 'वरवर दिसणाऱ्या' हे शब्द नीट वाचावेत. २००४ साली कॅनडात रक्त काढताना स्वमग्न मुलांचे चेहरे चित्रित करून बारकाईने तपासले गेले, तेव्हा त्यांवर वेदना स्पष्ट उमटलेली दिसली. मुलाला किती दुखते याविषयी पालकांनी दिलेली माहिती मात्र तिच्याशी जुळली नाही. २००९ साली फ्रान्समध्ये झालेल्या अभ्यासात बाह्य प्रतिक्रिया कमी दिसणाऱ्या या मुलांची हृदयगती रक्त काढताना इतर मुलांपेक्षा अधिक वाढल्याचे नोंदले गेले. म्हणजे शरीराला लागत होतेच, ते पाहणाऱ्याच्या ओळखीच्या रूपात बाहेर येत नव्हते एवढेच.

एका सतरा वर्षांच्या मुलाला त्याची आई आमच्या बाह्यरुग्ण विभागात घेऊन आली होती. चार दिवस तो कानशिलावर हात मारून घेत होता, जेवण टाकत होता. अन्यत्र हे स्वमग्नतेचेच वर्तन ठरवून झोपेचे औषध सुचवले गेले होते. दंतवैद्यांनी पाहिले तेव्हा दाढेच्या मुळाशी पू झालेला होता. वर्तनात अचानक पडलेला फरक स्वमग्नतेच्या खात्यावर टाकण्यापूर्वी दात, कान, घसा, पोट, बद्धकोष्ठता, लघवी आणि ताप एवढे तरी पाहिले जावे, असा आमच्या डॉक्टरांचा आग्रह असतो, आणि कुटुंबीयांनीही तो अवश्य धरावा.

वॉर्डात आणखी एक अडचण येते. शस्त्रक्रियेनंतरच्या चार्टवर वेदनाशामक पुष्कळदा 'एसओएस' असे लिहिलेले असते, म्हणजे रुग्णाने मागितल्यास द्यावे. जो मागतच नाही, तो त्या औषधावाचून राहतो आणि चार्ट मात्र नियमाप्रमाणे पूर्ण भरलेला दिसतो. अशा रुग्णाला औषध ठरावीक वेळी देता येईल का, हे कुटुंबीयांनी डॉक्टरांना दाखल होतानाच विचारावे. पाणी, लघवी आणि शौच यांची नोंदही अशा रुग्णाच्या बाबतीत तक्रारीवर न सोडता घड्याळावर ठेवावी लागते.

विचारण्याची पद्धतही बदलावी लागते. हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहऱ्यांची चित्रे दाखवून 'तुला किती दुखतंय?' असे विचारणे बालविभागात सर्वत्र चालते. परंतु आतील संवेदना ओळखून तिचे चेहऱ्यात भाषांतर करणे हेच ज्याला अवघड, त्याला ती चित्रे निरुपयोगी ठरू शकतात. काही मुले ऐकलेले शेवटचे शब्द परत उच्चारतात. 'दुखतंय की नाही दुखत?' या प्रश्नाला 'नाही दुखत' असे उत्तर आले, तर तोच प्रश्न उलट क्रमाने पुन्हा विचारून पाहावा. 'कसं वाटतंय?' या मोघम प्रश्नापेक्षा 'तोंड कोरडं आहे का?', 'इथे दाबल्यावर जास्त होतं का?' असे नेमके प्रश्न बरे. शरीराच्या बाह्याकृतीवर बोट ठेवावयास सांगणे काहींना सोपे जाते. व्यवसायोपचारतज्ज्ञ घरी करण्याजोगा सरावही शिकवितात. थंड पाण्यात हात धरून 'हात कसा आहे?', जिना चढून आल्यावर 'छातीत काय होतंय?', अशा एकेका अवयवापासून आरंभ होतो. त्यास महिने लागतात.

हे सारे आज बहुधा एकाच व्यक्तीच्या, म्हणजे आईच्या, डोक्यात साठलेले असते. मुलगा कशाने बेचैन होतो, त्याचा नेहमीचा चेहरा कोणता आणि आजारी असतानाचा कोणता, हे तिला ठाऊक असते. कागदावर कोठेही नसते. 'आमच्यानंतर याला काय होतंय ते कोण ओळखणार?' हा प्रश्न आमच्या कार्यालयात बसून अनेक पालकांनी विचारला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने स्वमग्नतेचा समावेश २१ दिव्यांगत्वांत केला आणि खाजगी रुग्णालयांतही अडथळाविरहित प्रवेशाची तरतूद केली. रॅम्प बांधला की ती तरतूद पूर्ण झाली, असे आम्ही मानत नाही.

म्हणून केसपेपरला जोडण्यासाठी एक पानी पत्रक तयार केले आहे. रुग्णाचे नेहमीचे खाणेपिणे, झोप व शौचाच्या वेळा, तो 'हो' व 'नाही' कसे दर्शवितो, स्पर्श कोठे चालत नाही आणि दुखत असताना तो काय करतो, असे रकाने त्यात आहेत. शेवटचा रकाना मोठा ठेवला आहे. एका मातेने त्यात लिहिले आहे : 'पोटात दुखू लागले की घरातले सगळे पंखे बंद करतो.' पत्रक नोंदणी खिडकीवर विनामूल्य मिळते. ते घरी नेऊन, घरातील सर्वांनी मिळून, सावकाश भरावे आणि एक प्रत मुलाच्या दप्तरात किंवा प्रौढ व्यक्तीच्या पाकिटात ठेवावी. दुसऱ्या रुग्णालयात उपचार घेणाऱ्यांनीही ते अवश्य न्यावे.