मांडव्याचा धावपटू

बीड जिल्ह्याच्या पश्चिमेस आष्टी तालुका आहे. तेथे पाऊस बेताचा, कष्ट मात्र उदंड. या तालुक्यातील मांडवा गावी १३ सप्टेंबर १९९४ रोजी अविनाश साबळे यांचा जन्म झाला. आईवडील वीटभट्टीवर राबत. शाळा ६ किलोमीटर दूर होती आणि वाहनाची सोय नव्हती. लहानगा अविनाश ते अंतर कधी चालत, तर कधी धावत कापी.

बारावीनंतर ते सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले. सियाचीनची कडाक्याची थंडी व राजस्थानचे रणरणते ऊन त्यांनी सोसले. पुढे सैन्यातील शर्यतींत त्यांचा दम दिसून आला. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांना स्टीपलचेस या शर्यतीकडे वळविले.

ही शर्यत ३००० मीटरांची असते. तीत २८ वेळा लाकडी अडसर आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. हे अडसर जड असतात. धक्का लागला तर अडसर पडत नाही, धावणाराच पडतो! म्हणून येथे नुसता दम पुरत नाही. पाऊल कोठे टाकावे व उडी केव्हा घ्यावी, याचा नित्य अभ्यास लागतो.

साबळे यांनी तो अभ्यास केला. १९८१ पासून गोपाल सैनी यांच्या नावावर असलेला राष्ट्रीय उच्चांक त्यांनी २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे मोडला. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांनी आपला उच्चांक पुन्हा सुधारला, तरीही अंतिम फेरी हुकली. ते खचले नाहीत.

राष्ट्रकुल स्पर्धांत १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदके केनियाचेच धावपटू नेत असत. २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथे साबळे यांनी रौप्यपदक जिंकून ती परंपरा खंडित केली. सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदाने दूर राहिले. पापणी लवण्यासही याहून अधिक वेळ लागतो! पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारे ते पहिले भारतीय पुरुष ठरले.

मुलांनो, मांडव्याच्या वाटेवर धावण्याची सवय त्यांना गरजेने लावली. अडसर ओलांडण्याची कला मात्र त्यांनी अभ्यासाने मिळविली.

स्वाध्याय
१. स्टीपलचेसमध्ये नुसता दम का पुरत नाही?
२. बर्मिंगहॅमच्या रौप्यपदकाचे महत्त्व सांगा.
३. वाक्यात उपयोग करा : खंडित करणे, खचणे.