शिवणकाम शिकले, मशीन आले... पण धंदा कधी शिकणार?



आठवीच्या वर्गाला मी एकदा ‘माझी आई’ हा निबंध लिहायला दिला होता. वह्या तपासताना एका मुलीचं वाक्य वाचून थांबले. तिने लिहिलं होतं, “माझी आई काही काम करत नाही, घरीच ब्लाउज शिवते.”

दुसऱ्या दिवशी तिला जवळ बोलावून विचारलं, “आई दिवसाला किती ब्लाउज शिवते गं?” म्हणाली, “एक, कधी दोन. लग्नसराईत रात्री बारापर्यंत मशीन चालू असतं.” मग मी विचारलं, “त्यातून महिन्याला किती राहतात?” ती गप्प. पुढे पालकसभेला आई आल्या तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न विचारला. त्या हसून म्हणाल्या, “बाई, हिशोब कशाला? येतात तसे जातात.”

आजचा आपला पाठ या उत्तराबद्दल आहे. गरजू महिला आणि तरुणांना शिवणकाम शिकवणारे वर्ग आपल्याकडे गावोगावी आहेत. मग शिकलेल्या सगळ्यांचा धंदा उभा का राहत नाही? चला, पाहूया.

थोडा इतिहास

निराधार स्त्रीच्या हाताला कौशल्य द्यायचं, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अक्षरओळखीबरोबर हातांनी करायची कामेही मुलींना शिकवली जात. रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदनाची स्थापना केली. तिथे परिचारिकेच्या शिक्षणाप्रमाणे शिवणकामालाही स्थान होते. विधवा किंवा टाकलेल्या बाईला कुणाच्या दारात हात पसरावा लागू नये, हा त्यामागचा विचार. म्हणजेच शिवणाचा वर्ग वेळ घालवण्यासाठी नव्हता, तो स्वाभिमानाने जगण्यासाठी होता.

वर्गात काय शिकवतात?

साधारणपणे क्रम असा असतो :

१) मशीनची ओळख – दोरा ओवणे, बॉबिन भरणे, टाका लहान-मोठा करणे, तेल देणे, सुई बदलणे.
२) सरळ शिलाई – आधी कागदावर, मग चिंधीवर.
३) माप घेणे – उंची, छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाही, गळा.
४) कागदावर आखणी आणि कटिंग.
५) झबलं, परकर, पिशवी, ब्लाउज, पंजाबी ड्रेस अशी सोप्याकडून अवघडाकडे जाणारी कामे.
६) फॉल-पिको, हूक, काज-बटण.

हे सगळं आवश्यकच आहे. पण बहुतेक वर्ग इथेच संपतात. प्रमाणपत्र मिळतं, फोटो निघतो, कधी मशीनही मिळतं. सहा महिन्यांनी घरी जाऊन पाहावं तर मशीनवर चादर टाकलेली आणि तिच्यावर इस्त्रीचे कपडे!

मशीन बंद का पडते?

कारणं अगदी साधी असतात. पहिलंच ब्लाउज मुंढ्यात घट्ट झालं, गिऱ्हाईक नाराज झालं आणि दुरुस्ती कशी करायची हे वर्गात कुणी दाखवलं नव्हतं. टाका सुटायला लागला, पण जवळपास कारागीर नाही. शेजारणीने “पैसे नंतर देते” म्हटलं, ते नंतर कधी आलंच नाही. आणि सर्वात मोठं कारण म्हणजे मजुरी मागायची लाज. “ओळखीच्या बायका आहेत, त्यांच्याकडे किती मागायचे?” हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल!

माझ्या मते शिवणवर्गातला राहून गेलेला धडा हाच. कापड कापायला शिकवतात, स्वतःच्या वेळेची किंमत करायला शिकवत नाहीत.

एका ब्लाउजचा हिशोब

त्या मुलीला मी गणिताचा प्रकल्प दिला : आई एक अस्तराचा ब्लाउज शिवेल तेव्हा घड्याळ लावून वेळ लिहायचा आणि खर्च मांडायचा. तुमच्या गावचे भाव वेगळे असतील, रीत मात्र हीच.

अस्तर : 50 रुपये
दोरा, हूक, पट्टी : 15 रुपये
वीज, तेल, सुई : 5 रुपये
मशीनची झीज : 5 रुपये
एकूण खर्च : 75 रुपये

मशीनची झीज कशी काढली? मशीन 9,000 रुपयांचे, ते 5 वर्षे म्हणजे 60 महिने चालेल असे धरले. 9,000 भागिले 60 म्हणजे महिन्याला 150 रुपये. महिन्याला 30 ब्लाउज, म्हणून एका ब्लाउजमागे 5 रुपये. हे पैसे बाजूला ठेवले नाहीत तर मशीन मोडेल तेव्हा पुन्हा कर्ज काढावे लागते.

वेळ लागला साडेतीन तास. यात माप, कटिंग, शिलाई, हूक आणि शेवटची दुरुस्ती सगळं आलं.

आई अस्तरासकट घेत होत्या 150 रुपये. खर्च वजा जाता उरले 75. म्हणजे तासाला जेमतेम 21 रुपये! तोच ब्लाउज 250 रुपयांना दिला तर 175 उरतात, म्हणजे तासाला 50 रुपये. महिन्याला 30 ब्लाउज धरले तर 2,250 आणि 5,250 असा फरक पडतो. महिन्याला 3,000 रुपये ती माऊली नकळत वाटून टाकत होती.

मुलगी वही घेऊन आली तेव्हा म्हणाली, “बाई, आईला दाखवलं तर ती रडलीच.”

दर एकदम वाढवता येत नाहीत हे खरं. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल ही भीती खोटी नसते. म्हणून त्यांनी आधी तीन गोष्टी केल्या. दरपत्रक कागदावर लिहून भिंतीला लावलं, कारण तोंडाने सांगायला जीभ अडखळते, कागद अडखळत नाही. नव्या गिऱ्हाइकाला नवा दर सांगितला, जुन्यांना दिवाळीनंतर. आणि कापड घेतानाच अर्धे पैसे आगाऊ घ्यायला सुरुवात केली. दोन बायका तुटल्या. बाकीच्या टिकल्या, कारण ब्लाउज सांगितलेल्या दिवशी मिळत होता.

कुठे शिकता येते?

• आयटीआय : शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. मुलगेही हा शिकू शकतात. बाजारातले कितीतरी मास्टर पुरुषच आहेत, मग मुलांना संकोच कसला?

• आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था : जिल्ह्याच्या अग्रणी बँकेमार्फत चालते. प्रशिक्षण मोफत असते, महिला शिवणकामाचा वर्ग साधारण महिनाभराचा. या संस्थांचे मूळ 1982 साली कर्नाटकातील उजिरे येथे सुरू झालेल्या प्रयोगात आहे. प्रशिक्षण थोड्या दिवसांचे, पण त्यानंतर सुमारे दोन वर्षे शिकलेल्या माणसाची विचारपूस आणि मदत करायची, हे त्याचे वैशिष्ट्य. मशीनवर चादर पडू नये यासाठी हाच खरा उपाय आहे.

• पीएम विश्वकर्मा योजना : 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झाली. यातील 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये भत्ता, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात 5 टक्के व्याजाने 1 लाखापर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. लक्षात ठेवा, ही योजना आधीपासून हे काम करणाऱ्यांसाठी आहे, अगदी नव्याने शिकणाऱ्यांसाठी नाही.

कर्ज घेण्याआधी वरचा हिशोब मांडाच. तासाला 21 रुपये सुटत असतील तर दुसऱ्या मशीनने तोटा दुप्पट होईल, धंदा नाही.

मोठ्या ऑर्डरचे काय?

बचत गटाला पिशव्या किंवा गणवेशाची मोठी ऑर्डर मिळाली की आनंद होतो. पण घरगुती शिलाई आणि मोठे काम यांत फरक आहे. 2024-25 मध्ये राज्यातील सरकारी शाळांचे गणवेश बचत गटांच्या महिलांकडून शिवून घ्यायचे ठरले. हेतू चांगला होता, पण अनेक शाळांत गणवेश उशिरा पोहोचले, मापांच्या तक्रारी आल्या आणि पुढच्या वर्षी काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. यात शिवणाऱ्या हातांचा दोष किती? मापांचे ठरलेले तक्ते, वेळेवर कापड, एकत्र कटिंग, तपासणी आणि परवडणारी मजुरी हे सगळं जुळलं तरच मोठी ऑर्डर पार पडते. हेही शिकवण्याचेच विषय आहेत.

शेवटी...

सहामाहीनंतर त्याच मुलीने पुन्हा निबंध लिहिला. या वेळी पहिलं वाक्य होतं, “माझी आई शिवणकामाचा व्यवसाय करते.” आई तीच, मशीन तेच, घरही तेच. बदलली ती एक वही. मित्रांनो, बाईच्या श्रमाची किंमत आधी तिच्या स्वतःच्या वहीत लिहिली गेली पाहिजे. मग ती घरात, गल्लीत आणि बँकेतही दिसते.

करून पाहा

१) घरातील किंवा शेजारच्या एका शिवणाऱ्या व्यक्तीच्या कामाचा वेळ घड्याळ लावून नोंदवा.
२) वरीलप्रमाणे खर्च मांडून तासाची मजुरी काढा.
३) त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांत एक दरपत्रक तयार करा.
४) विचार करा : ‘आई घरीच असते, काही करत नाही’ असे आपण कोणकोणत्या कामांबद्दल म्हणतो?