परांची सोडायला विसरू नकोस

काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, मुलं इंग्रजीत दोन ओळीसुद्धा स्वतःच्या लिहीत नाहीत गं," आणि मला हसू आलं. तुला नाही हसले, स्वतःलाच हसले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी सहावीला 'माय फादर' हा निबंध दिला होता. दिला कसला, फळ्यावर अख्खा लिहूनच दिला. माय फादर इज अ फार्मर, ही हॅज टू बुलॉक्स, असल्या दहा ओळी. 43 वह्या जमा झाल्या. 43 बाप शेतकरी, 86 बैल! त्यातल्या एका पोराच्या वडिलांची पिठाची गिरणी होती, माझं दळण तिथंच जायचं. त्याला विचारलं तर म्हणाला, "बाई, फळ्यावर होतं ना."

मग मी दुसरं टोक गाठलं. विषय सांगायचा, 'मनाने लिहा' म्हणायचं आणि खुर्चीत बसायचं. पोरं तासभर पेन्सिलीला टोक करत बसली.

बी.एड.ला आपण स्कॅफोल्डिंग, म्हणजे परांची, पाठ केलं होतं, आठवतं? उत्तरात व्हायगॉट्स्की लिहिला की मार्क ठरलेले. ते बिचारे 1934 मध्येच गेले. शिकवण्याच्या संदर्भात स्कॅफोल्डिंग हा शब्द रुळला तो वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या 1976 च्या लेखामुळे. त्यांनी 3 ते 5 वर्षांच्या मुलांना 21 लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला दिला होता. मूल अडलं की शिकवणारीने पुढे व्हायचं, जमू लागलं की हात मागे घ्यायचा. आपल्या गवंड्यांची परांची तशीच. काम झालं की काथ्या सोडून बांबू पुढच्या इमारतीवर जातात. मी मात्र पोरांना भिंतच बांधून दिली होती आणि नंतर भिंत नाही तर परांचीही नाही!

दिवाळीनंतर त्याच वर्गात तोच विषय पुन्हा काढला. पहिला अख्खा तास मराठीत नुसत्या गप्पा. याला घाबरू नकोस, सांगण्यासारखं काही सापडल्याशिवाय कोण लिहितं? गिरणीवाल्याचा पोरगा म्हणाला, "बाबा घरी येतात तेव्हा त्यांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या असतात." माझ्या दहा ओळींत असं एक तरी वाक्य होतं का सांग! मग पोरांनी शब्द मागितले, ते फळ्याच्या कडेला लिहिले. पिठाला इंग्रजीत फ्लावर म्हणतात म्हटल्यावर वर्ग खो खो हसला, त्यांच्या डोळ्यांसमोर भाजीचा फ्लॉवर.

खरी गाठ पुढे होती. पोरांनी शब्दपट्ट्या लावल्या त्या अशा : माय फादर, टु द मिल, गोज. चूक कुठली, अस्सल मराठी वाक्य आहे ते! आपलं क्रियापद शेवटी बसतं, इंग्रजीचं कर्त्याला चिकटून. हे मी सांगितलं नाही. 'गोज'ची पट्टी उचलून 'माय फादर'च्या शेजारी ठेवायला एका मुलीला बोलावलं. मग दुसऱ्याला दुसरं वाक्य. पंधरा मिनिटं नुसती पट्ट्यांची हलवाहलव. नियम त्यांच्या बोटांतून डोक्यात गेला.

त्यानंतर सगळ्यांनी मिळून एक परिच्छेद. खडू माझा, वाक्यं त्यांची. मी मुद्दाम खोडायचे, 'हे बरं नाही वाटत' म्हणत पुन्हा लिहायचे. बाईसुद्धा खोडतात हे बघून निम्मी भीती गेली. आणि मग ज्याचं त्याने लिहायचं, सुरुवातीचे तुकडे फळ्यावर : इन द मॉर्निंग, व्हेन ही कम्स होम, आय लाइक इट व्हेन. पापण्यांचं वाक्य वहीत आलं ते 'व्हेन ही कम्स होम'ला धरूनच.

इथवर सगळ्याच करतात गं. अडतं ते पुढे. ते तुकडे फळ्यावर तसेच राहतात आणि मार्चमध्येही प्रत्येक निबंध 'इन द मॉर्निंग'ने सुरू होतो. माझ्या वर्गात एक हुशार मुलगी होती. ती आधी धडपडत का होईना, लांब वाक्यं लिहायची. माझे तुकडे मिळाल्यावर तीही तीन-तीन शब्दांवर आली. तिला माझी मदत अडचणच होती, आणि ते माझ्या लक्षात यायला दोन महिने गेले. तेव्हापासून दर आठवड्याला एक तुकडा पुसायचा असा नेम केला. ज्याला अजून लागतो त्याच्या कंपासपेटीत चिठ्ठी. सगळ्यांची परांची एकाच दिवशी सुटत नाही.

आणि लाल पेन आवर. अ, ॲन, द मराठीत नाहीतच, ते सावकाश येतील. या खेपेला फक्त क्रियापदाची जागा तपास, बाकीच्या चुका बघून न बघितल्यासारखं कर. जड जातं, मलाही जायचं.

आपल्याकडे 2000 सालापासून पहिलीला इंग्रजी आहे. म्हणजे तुझी सहावीची पोरं पाच वर्षं कविता म्हणत आली आहेत, शब्द आहेत त्यांच्याकडे. पोर्शन मागे पडला म्हणून हेडसर बोलतील, आठवडाभर ऐकून घे. दहाऐवजी तीनच ओळी आल्या तरी मला त्या वह्यांचा फोटो पाठव. तपासण्याआधी, चुकांसकट.