विजेच्या काटकसरीसाठी राखीव निधी : शासनाची भूमिका व शेतीपंपांचा प्रश्न

विहिरीवरील पंप किती पाणी उपसतो, याकडे शेतकऱ्याचे बारीक लक्ष असते. तेवढे पाणी उपसण्यास वीज किती लागली, याचा हिशेब मात्र क्वचितच ठेवला जातो. वस्तुतः हा हिशेब कठीण नाही. सेकंदाला ६ लिटर पाणी एकूण २० मीटर उंच चढवावयाचे असेल, तर पाण्याला प्रत्यक्षात सुमारे १.२ किलोवॅट एवढीच शक्ती द्यावी लागते. पंप व मोटार मिळून कार्यक्षमता शेकडा २५ असेल, तर त्यासाठी सुमारे ४.७ किलोवॅट वीज ओढली जाते. ती शेकडा ४५ असेल, तर २.६ किलोवॅटमध्ये तेच काम होते. वर्षात पंप १,००० तास चालला असे धरले, तर पहिल्यास ४,७०० आणि दुसऱ्यास २,६०० युनिटे लागतील. पाणी दोहोंचे सारखेच, पीकही सारखेच.

ही वाचलेली २,१०० युनिटे कोणाच्या पदरात पडतात, हा खरा प्रश्न होय. महाराष्ट्रात एप्रिल २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेखाली ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज विनामूल्य देण्यात आली असून योजनेची मुदत मार्च २०२९ पर्यंत ठरविण्यात आली. या विजेची रक्कम शासन महावितरणला देते. म्हणजे चांगला पंप विकत घेण्याचा खर्च शेतकऱ्याचा, आणि त्यापासून होणारी बचत शासनाच्या तिजोरीची, असा व्यवहार होऊन बसतो. पदरचे पैसे घालून दुसऱ्याचा खर्च कमी करण्यास कोणीही सहसा तयार होत नाही, आणि त्याबद्दल शेतकऱ्यास दोष देण्यात अर्थ नाही. म्हणूनच विजेच्या काटकसरीसाठी सार्वजनिक पैसा वेगळा राखून ठेवावा की नाही, हा केवळ हिशेबतपासनिसांचा विषय नसून शेताच्या बांधापर्यंत पोहोचणारा विषय आहे.

केंद्र शासनाने या बाबतीत प्रथम जी भूमिका घेतली ती ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ यामध्ये दिसते. या कायद्यान्वये १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. कायद्याच्या कलम १६ प्रमाणे प्रत्येक राज्य शासनाने राज्य ऊर्जा संवर्धन निधी उभारावयाचा आहे. केंद्रासाठीही तसाच निधी कायद्यात सांगितला आहे. तथापि राज्याच्या या निधीत जमा काय करावयाचे? राज्याने, केंद्राने, एखाद्या संस्थेने वा व्यक्तीने दिलेली अनुदाने व कर्जे. स्वतःचा असा कर किंवा उपकर कायद्याने या निधीला जोडून दिलेला नाही. सबब निधीत दरवर्षी किती भर पडावी, हे त्या त्या अंदाजपत्रकावर अवलंबून राहते.

ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी ब्यूरोने राज्यांना वाटा देण्याची योजना आखली. प्रत्येक राज्यास जास्तीत जास्त ४ कोटी रुपये, प्रत्येकी २ कोटींच्या दोन हप्त्यांत द्यावयाचे, आणि राज्याने पहिल्या हप्त्याएवढी रक्कम स्वतः घातल्यावरच दुसरा हप्ता मिळावयाचा, अशी अट होती. पुढे ईशान्येकडील राज्यांसाठी राज्याचा वाटा २५ लाखांवर आणण्यात आला. अट योग्यच होती; आपला पैसा गुंतल्यावाचून कामात लक्ष राहत नाही, हा अनुभव सहकारी सोसायटीच्या प्रत्येक सभासदास आहे. पण लाखो शेतीपंप असलेल्या राज्यात ४ कोटी रुपयांनी पंप बदलण्याचे काम होणे अशक्य होते. प्रचार, प्रशिक्षण व प्रात्यक्षिके एवढेच त्यांतून साधावयाचे.

याच्या अगदी उलट उदाहरण कोळशावरील उपकराचे आहे. २०१० साली केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसविला आणि त्यातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभारण्याचे जाहीर केले. उपकराचा दर २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. येथे उत्पन्नाचा निश्चित मार्ग होता. परंतु २०१०-११ ते २०१७-१८ या काळात गोळा झालेल्या सुमारे ८६ हजार कोटी रुपयांपैकी निधीत सुमारे २९ हजार ६०० कोटीच वळते झाले, आणि प्रकल्पांवर खर्ची पडले ते सुमारे १५ हजार ९०० कोटी. पाट बांधला, पाणीही सोडले, पण शेवटच्या वाफ्यापर्यंत ते आलेच नाही, अशी ही गत. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर हा उपकर रद्द झाला आणि कोळशावर तेवढाच भरपाई उपकर राज्यांच्या महसुलाची तूट भरून काढण्यासाठी बसविण्यात आला. तोही सप्टेंबर २०२५ मध्ये उठविण्यात आला. उपकराच्या नावात उद्देश असला म्हणजे पैसा त्या उद्देशासाठीच जातो, असे नाही. निधीतून बाहेर पडणारा पैसाही कायद्याने बांधलेला असावा लागतो.

शासनाची तिसरी भूमिका अशी की, काटकसरीला अनुदानाची गरजच नसावी. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेत हेच तत्त्व होते. सरकारी कंपन्यांनी मिळून २००९ मध्ये स्थापन केलेल्या एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या कंपनीने एलईडी दिवे घाऊक प्रमाणात विकत घेतले. २०१४ मध्ये खरेदीचा दर ३१० रुपये होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत खाली आला. शासनाने अनुदान दिले नाही, तरी देशभर ३६ कोटींहून अधिक दिवे घरोघरी गेले. हे यश निःसंशय मोठे आहे. परंतु दिव्याचे उदाहरण पंपाला जसेच्या तसे लागू पडत नाही. घरातील दिव्याने वाचविलेले पैसे त्याच घराच्या बिलात दिसतात व दिव्याची किंमत थोड्याच काळात वसूल होते. ज्या पंपाला बिलच नाही, त्याची किंमत कशातून वसूल व्हावयाची?

यावर तोडगा म्हणून ब्यूरोने अकराव्या पंचवार्षिक योजनेत (२००७–२०१२) शेतीपंपांसाठी वेगळी योजना हाती घेतली. शेतकऱ्याकडून किंमत न घेता जुना पंप बदलावयाचा, बचत मोजावयाची आणि ज्याने पैसा गुंतविला त्याला त्या बचतीतून फेड करावयाची, असे तिचे स्वरूप होते. देशातील पहिला प्रयोग सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा येथे झाला. तेथे २,२०९ जुने पंप काढून तारांकित पंप बसविण्यात आले आणि वर्षाला ६१ लाख युनिटे वाचल्याची नोंद ब्यूरोने केली. पंपामागे हा आकडा सुमारे २,७६० युनिटे पडतो. अशा कामाचा खर्च वीज कंपनीच्या दरात धरण्याची वाटही महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने मागणी व्यवस्थापनाविषयीच्या २०१० च्या विनियमांनी मोकळी केली आहे. अर्थात तो भार मग इतर वीजग्राहकांवर पडतो. म्हणून खर्चापेक्षा लाभ अधिक असल्याचे आधी दाखवावे लागते.

परदेशांतही या दोन वाटा दिसतात. थायलंडने १९९२ च्या कायद्याने ऊर्जा संवर्धन निधी स्थापिला व पेट्रोलियम पदार्थांवरील आकारणी त्याला जोडून दिली. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात वीजबिलातील लहानशा आकारातून २००० सालापासून काटकसरीचे काम पाहणारी स्वतंत्र यंत्रणा चालते. आपल्या शेतकऱ्यास अधिक जवळचे उदाहरण पंजाबचे. तेथेही शेतीची वीज मोफत असते. २०१८ मध्ये ‘पाणी बचाओ, पैसे कमाओ’ ही योजना काही फीडरांवर सुरू झाली आणि ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जेवढी वीज शेतकरी कमी वापरील, तेवढ्यासाठी त्यास युनिटमागे ४ रुपये देण्याचे ठरले. बचतीचा वाटा बचत करणाऱ्यास मिळावा, हा विचार त्यात स्पष्ट आहे.

महाराष्ट्रात या कायद्याखालील नेमलेली यंत्रणा महाऊर्जा ही असून शासनाचा भर अलीकडे सौर पंपांवर आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा सर्वसाधारण गटासाठी शेकडा १० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी शेकडा ५ इतका आहे. हे धोरण स्वागतार्ह असले, तरी निकृष्ट पंपाला सूर्याची वीज दिल्याने पंप सुधारत नाही. त्याला तेवढ्या अधिक तावदानांची गरज पडते, आणि तोही खर्च सार्वजनिकच असतो.

एक धोका कार्यकर्त्यांनी दृष्टिआड करू नये. कमी विजेत अधिक पाणी देणारा पंप हाती आला, की उपसा वाढण्याचा संभव असतो. भूजल आधीच खोल गेलेल्या गावात पंप बदलताना पाण्याचा ताळेबंद व ठिबक सिंचन यांची सांगड घातली नाही, तर विजेची बचत काही वर्षांतच खोल गेलेल्या पाण्यापायी संपून जाईल.

निधी कोठूनही आला, तरी जेथे मोजमाप आहे तेथेच तो मागता येतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एका फीडरवरील पंपांची यादी करून प्रत्येकाची अश्वशक्ती, विहिरीतील पाण्याची पातळी, नळाचा व्यास, मोटार किती वेळा जळाली व फिरवून घेतली, आणि २०० लिटरचे पिंप भरण्यास लागणारे सेकंद ही माहिती वहीत उतरून घ्यावी. पिंप ४० सेकंदांत भरले, तर पंप सेकंदाला ५ लिटर पाणी देतो. ही मोजणी एकदा पावसाळ्यानंतर व एकदा उन्हाळ्यात करावी, कारण पातळी बदलली की आकडाही बदलतो. गळका फूट व्हॉल्व्ह, अरुंद नळ, अनावश्यक वळणे आणि काढून टाकलेला कपॅसिटर यांची नोंद त्याच वेळी घ्यावी. यांपैकी पुष्कळसे दोष शेतकऱ्यास थोड्या खर्चात, कोणत्याही निधीची वाट न पाहता दूर करता येतात.